पोळ्यापर्यंतची कुपनं

मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्वदीर्घ मला कधी उमगलं नाही, आणि अक्षर असं की माझी किराण्याची यादी दुकानदार मलाच परत वाचायला देतो. त्याबद्दल आधीच माफी मागते. पण आत्याबाईंबद्दल दुसरं कोण लिहिणार? त्यांचे डोळे मीच होते. अख्ख्या दिग्रसमध्ये छापील कागदावर त्यांच्याएवढा विश्वास कुणाचा नव्हता, आणि त्यांना स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. विधवा झाल्यापासून आमच्याच घरी राहत. त्या काळी चहाच्या पुड्यात एक कुपन निघायचं. ते दाखवलं की पुढच्या पुड्यावर चार आणे सूट. लोक चहा डब्यात ओतत आणि कुपन चुलीत घालत. आत्याबाईंना हे पाहवत नसे. शेजारपाजारची कुपनं त्या मागून आणत आणि हळदीच्या रिकाम्या डब्यात ठेवत, त्यामुळे त्यांची सगळी कुपनं पिवळी असत. प्रत्येक नव्या कुपनामागच्या अटी मला दोनदा वाचाव्या लागत. "एकडाव मले समजाले, अन् एकडाव पक्कं व्हाले," त्या म्हणत. एका पुड्यास एक कुपन. एका कुटुंबास एक कुपन. साठा असेपर्यंत. अमुक तारखेपर्यंत.

कुटुंब म्हणजे काय, हे कंपनीने लिहिलं नव्हतं. ते आत्याबाईंनी ठरवलं: चूल एक तर कुटुंब एक. शेजारच्या दोन भावांतल्या धाकट्याची बायको एकदा आली आणि आमची चूल वेगळी झाली, मला वेगळं कुपन द्या म्हणाली. आत्याबाई उठल्या, तिच्या घरी गेल्या आणि नव्या चुलीत हात घालून पाहिला. "राख कुठी हाये वं? राख दाखव अन् कुपन घे." ती हिरमुसली. आठ दिवसांनी ती खरंच वेगळी निघाली, तेव्हा आत्याबाईच आधी कुपन घेऊन गेल्या आणि त्या नव्या चुलीपाशी पदर डोळ्यांना लावून बसल्या.

दुकानात त्या सगळ्यांत मागे उभ्या राहत. शेटजी हाक मारत, "या आत्याबाई, म्होरं या." तर आत्याबाई म्हणत, "माह्या कागदापायी तुमाले दोनदा हिशेब करा लागते. ह्यायचं आटपू द्या." मांडणीवर पुडे कमी दिसले तर कुपन कमरेला खोचून परत येत. दुसऱ्याला नको काय? ते चार आणे शेटजी आधी स्वतःच्या गल्ल्यातून देतात आणि कंपनी ते मागाहून भरते, हे त्यांनी एकदा विचारून घेतलं होतं. तेव्हापासून जरा फाटलेलं कुपनही त्या शेटजींना देत नसत.

बाजाराच्या दिवशी बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया लाकडाच्या मोळ्या विकायला येत. जमवलेल्यातली बरीचशी कुपनं त्यांच्यासाठी असत. एकेकीला बसवून अटी सांगायच्या, मगच कुपन हातात. त्या बाया आत्याबाईंना याडी म्हणत, म्हणजे आई. आत्याबाईंना मूलबाळ नव्हतं. याडी ऐकलं की त्या उगाच डबा पुसत बसत.

एका वर्षी कुपनावर ३१ ऑगस्ट ही तारीख होती. इंग्रजी महिने आत्याबाईंच्या ध्यानात राहत नसत, म्हणून प्रत्येक तारखेला त्या एखाद्या सणाची खूण बांधत. आदल्या वर्षी ऑगस्ट सरता सरता पोळा आला होता. म्हणाल्या, "म्हंजे पोळ्यापर्यंत." मी हो म्हटलं. पण त्या साली अधिक महिना पडला, श्रावण दोन झाले आणि पोळा सप्टेंबरच्या मध्यावर गेला.

पोळ्याआधीच्या बाजारात आत्याबाई तांड्यावरच्या चोवीस बायांना घेऊन दुकानापुढे उभ्या राहिल्या. मी सोबत होते. भिंतीवरच्या कॅलेंडरचा ऑगस्ट फाडलेला होता. मला दिसत होतं. पण चार माणसांत सासरच्या वडीलधाऱ्या बाईला तुमचं चुकलं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. शेटजींनीही तारीख पाहिली नाही. "आत्याबाईनं आनलं म्हंजे कुपन पक्कं," म्हणाले. चोवीस पुडे गेले.

दिवाळीनंतर कंपनीचा माणूस आला आणि मुदत संपली म्हणून चोवीसही कुपनं पैसे न भरता शेटजींना परत देऊन गेला. शेटजींनी ते आत्याबाईंना कळू दिलं नाही. पण दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ते पाहिलं होतं, आणि विहिरीवर एकीने टोमणा मारलाच, "काय वं आत्याबाई, मेलेली कुपनं खपवली म्हन्ते शेटजीले!"

आत्याबाई घरी आल्या. डब्यात उरलेलं एक कुपन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "वाच." मी वाचलं.

"आगस्ट कवा सरला?"

"पोळ्याच्या पंधरा दिवस आधी."

काहून सांगितलं नाई, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दोन आण्यांच्या चोवीस चवल्या नव्हे, चार आण्यांच्या चोवीस पावल्या. सहा रुपये झाले, ते आत्याबाईंनी फेडायला घेतले. शेटजी नको नको म्हणत होते. तांड्यावर कुणाला कळू द्यायचं नाही, असं आत्याबाईंनी मला बजावलं आणि स्वतः चहा सोडला. आपल्या वाट्याच्या चहासाखरेचे पैसे सासऱ्यांकडून मागून घेत आणि दर बाजाराला चार आणे शेटजींपुढे ठेवून परत येत. चहावाचून डोकं ठणके, मग कपाळाला सुंठ लावून पडून राहत. कुपनं पुन्हा कुणाकडे मागितली नाहीत. त्या डब्यात आम्ही परत हळद भरू लागलो.

असे सोळा बाजार झाले. शिमग्याच्या सुमारास त्या तापाने गेल्या. दोन रुपये राहिले होते.

मी त्या साली कापूस वेचायला गेले होते. त्यातले दोन रुपये पदराच्या गाठीला बांधून एकटीच दुकानात गेले. रोख गिऱ्हाइकं आटपेपर्यंत मागे उभी राहिले. मग पैसे ठेवले आणि म्हणाले, "शेटजी, तारीख सरल्याचं मले माहीत होतं. मी बोलली नाई."

शेटजींनी ते रुपये उचलले. "मलेबी वाचता येते, बाई," ते म्हणाले. त्यांनी रुपये गल्ल्यात टाकले आणि गल्ल्याखालून दोऱ्याने बांधलेली ती पिवळी कुपनं काढून माझ्या हातात दिली. त्यांना अजून हळदीचा वास होता. सहा रुपये पुरे फिटले होते.