कॉम्रेड म्हणजे खोलीतला सोबती

माझ्या वडिलांना आम्ही घरात बाबा म्हणतो आणि बाहेर सगळे कॉम्रेड म्हणतात. भांडुपच्या एका कारखान्यात ते युनियनचे चिटणीस होते. कारखाना बंद पडला, त्या जागी तीन टॉवर उभे राहिले, पण मुलुंडला आमच्या इमारतीखालचा इस्त्रीवालासुद्धा अजून "कॉम्रेड, शर्ट उद्या देतो" असंच म्हणतो. कॉम्रेडही त्याला मान डोलावून मंजुरी देतात.

गेल्या वर्षी त्यांना पंच्याऐंशी पूर्ण झाली. जुन्या कामगारांनी एका शाळेच्या हॉलमध्ये सत्कार ठरवला आणि मानपत्र लिहायचं काम माझ्यावर आलं. मी पवईच्या एका ऑफिससाठी घरी बसून स्पॅनिशमधून भाषांतरं करते. मिक्सर, गीझर, केस वाळवायचं मशीन यांची माहितीपत्रकं. बाबांच्या मते हे साहित्यच.

"सुरुवात दणदणीत पाहिजे," ते म्हणाले. "कॉम्रेड या शब्दापासूनच कर. जगभर एकच शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ शोध. नक्की लढ्याबिढ्याशी संबंध असणार."

मी शोधला. इंग्रजीत कॉम्रेड, फ्रेंचमध्ये कामराद, जर्मनमध्ये कामेराद, स्पॅनिशमध्ये कामारादा. सगळ्यांच्या मुळाशी लॅटिन कामेरा, म्हणजे खोली. एका खोलीत झोपणारे शिपाई ते कामारादा. फोटोचा कॅमेराही मुळात अंधारी खोलीच. पोर्तुगीजांनी हाच शब्द आपल्याकडे आणला, त्याचा हिंदीत कमरा झाला. मी स्वतःवरच खूश होऊन हे बाबांना वाचून दाखवलं.

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला आणि स्वतः एकदा वाचला.

"म्हणजे रूममेट?" ते म्हणाले.

"तसंच काहीसं."

"आणि रशियात काय म्हणतात?"

"तवारिश. तो वेगळा शब्द आहे. तो विक्रीच्या मालावरून आला असं म्हणतात. बरोबर व्यापार करणारा."

"हे कुठेही लिहू नकोस," बाबा म्हणाले. "दोन्ही."

आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. तिचं लक्ष नाही असं आम्हाला वाटत होतं.

"काय गो, परत सांग. एका खोलीत झोपतो तो कॉम्रेड?"

"हो."

"मग ह्ये कसले कॉम्रेड?"

घाटकोपरची आमची जुनी खोली दहा बाय बाराची होती. तिथे आम्ही तिघी बहिणी, आई, दोन काका आणि नोकरी शोधायला गावाहून आलेलं कुणी ना कुणी कायम असायचं. एकाचे पाय दुसऱ्याच्या उशाशी. आईने बोटांवर मोजून सगळ्यांची आठवण काढली. काकांना कावीळ झाली तेव्हा त्यांना पथ्याचं कोण करून घालत होतं, गाववाल्याच्या मुलाखतीसाठी शर्ट कुणी उसवून मोठा केला, सगळं निघालं. "ते सगळे कॉम्रेड. मीपण. ह्यांची मात्र कायम मीटिंग."

बाबा दुखावले. "ती मीटिंग कुणासाठी होती?"

"मी कुठे नाही म्हणते? शब्दाचा अर्थ विचारला फक्त."

मी मानपत्रातून तो परिच्छेद काढला आणि 'संघर्षाची धगधगती मशाल' घातली. सगळ्यांच्या मानपत्रात ती असते, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही.

सत्काराला ऐंशीएक माणसं आली. शाल झाली, नारळ झाला, मशाल वाचून झाली. मग बाबा माईकपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मित्रहो, कॉम्रेड हा शब्द मूळ लॅटिन. कामेरा म्हणजे खोली. हे आम्ही तरुणपणी अभ्यासवर्गातच शिकलो."

मी आईकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

बाबा पुढे खूप छान बोलले. दहा बाय बाराची खोली, एकाचे पाय दुसऱ्याच्या उशाशी, कावीळ, उसवलेला शर्ट. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. टाळ्या थांबेनात. आईचा उल्लेख शेवटी आला, "आणि आमच्या सौ.नेही साथ दिली" इतकाच. मला राग आला होता. मी आईच्या कानात म्हटलं, "तुझं सगळं भाषण ह्यांनी चोरलं."

"असू दे," ती म्हणाली. "शर्टाचं त्यांना माहीतच नव्हतं. लक्षात ठेवलं, एवढं बरं झालं." तिचा चेहरा चक्क खुलला होता. मी मात्र घरी जाईपर्यंत बाबांशी बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण रिक्षात ते नारळ मांडीवर घेऊन पुन्हा सगळं भाषण आम्हाला ऐकवत होते.

तेव्हापासून बाबांना शब्दांचा नाद लागला आहे. परवा सकाळी त्यांनी मॅनेजर विचारला. मी पाहून सांगितलं की तो इटालियनमधून आला; घोड्यांना हाताळणारा, त्यांना वळण लावणारा.

"मोतद्दार!" बाबा हर्षाने ओरडले. "साला आमचा मॅनेजर मोतद्दार!" त्यांनी लगेच दोन जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले.

आईने आतून विचारलं, "मग घोडे कोण होते?"

बाबांनी फोन ठेवला आणि चहा मागितला.