चटई गुंडाळायच्या आत

माझ्या बापाला घोड्याने लाथ मारली तेव्हा मी सातवीत होते. अप्पा म्हैसूरच्या रेसकोर्सवर एका मालकाचे सहा घोडे सांभाळायचे. सईस. पहाटे साडेतीनला हिनकलहून सायकल मारत निघायचे, लीद काढायचे, खरारा करायचे आणि फेऱ्या पळून आलेला घोडा दम बसेपर्यंत हाताने धरून गोल फिरवायचे. लाथ गुडघ्यावर बसली. तिसऱ्या दिवशी मालकाचा मॅनेजर संत्री घेऊन दवाखान्यात आला आणि एका इंग्रजी कागदावर सही घेऊन गेला. अप्पांना वाटलं, औषधाच्या बिलाचा कागद असेल. सही करून वर त्यालाच म्हणाले, "उपकार झाले साहेब." कागदात लिहिलं होतं की हा माणूस आपल्या मर्जीने काम सोडतो आहे.

हे आम्हाला दीड महिन्याने कळलं, अप्पा काठी टेकत कामावर गेले तेव्हा. तबेल्याच्या फाटकातूनच त्यांना परत पाठवलं.

चामराजपुरमला माझे थोरले काका राहतात. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते, त्यांची एक तलवार काकांच्या हॉलमध्ये टांगलेली आहे. खंडेनवमीला सगळं घराणं तिथे जमायचं. काका तलवारीला हळदकुंकू लावायचे आणि शिलेदारांच्या गोष्टी सांगायचे. अप्पांना मात्र आधीच बजावून ठेवायचे, "कुणी विचारलं तर रेसकोर्सवर असतो, एवढंच सांग. लीदबीद विषय काढू नको." घोडेस्वारांच्या त्या घराण्यात घोड्याला हात लावणारा एकच माणूस उरला होता आणि त्यालाच तोंड बंद ठेवायला सांगत होते.

काम गेल्यावर काका एकदा पत्र्याच्या आमच्या खोलीत आले. आई उदबत्त्या वळत बसली होती, मनगटापर्यंत काळी. काका म्हणाले, "पोरीला शाळेतनं काढ. वळायला दोन हात वाढतील."

आई वर न बघता म्हणाली, "असला कागद वाचता येतो तिथवर ती शिकणार, भावजी. चहा ठेवू काय?"

काका चहा न घेता गेले. मी बी.कॉम. झाले. अख्ख्या घराण्यात पहिली. काकांच्या दोन्ही मुलांनी पीयूसीतच, म्हणजे बारावीतच, हात टेकले होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्याबद्दल मोठ्याने बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

पुढे विम्याच्या कचेरीत लागले. दिवसभर लोकांचे दावे आणि त्यांच्या पाठीमागची बारीक अक्षरातली कलमं वाचते. कुवेंपुनगरात घर घेतलं. आई ते बघायला राहिली नाही. अप्पा माझ्याकडे आहेत. चाळिशीत मला शुगर निघाली म्हणून धावायला लागले. नंतर निव्वळ रागाने धावत राहिले.

आमच्या भागात धावणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. पहाटे पार्कच्या फाटकाशी जमतात आणि आधी एकमेकांचे बूट बघून घेतात. त्यांचा एक म्होरक्या आहे, बँकेतला अधिकारी. त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. नवीन माणूस आला की तो पहिल्याच दिवशी वडील काय करायचे ते विचारून घेतो. मला विचारलं. मी म्हणाले, "रेसकोर्सवर होते."

"ओहो, स्ट्युअर्ड? शर्यतीचे पंच?"

मी नाही म्हणाले नाही. काकांची पुतणी शोभले.

पहिल्यांदा मी शहरातली पूर्ण मॅरेथॉन धावायला गेले, बेचाळीस किलोमीटर, तेव्हा तिसाव्या किलोमीटरला, हिनकलच्या उड्डाणपुलावर, दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. सगळ्यांच्या मागून एक बस येत असते, पुरं न होणाऱ्यांना गोळा करत. बसच्या दारातला माणूस म्हणाला, "बन्नी मॅडम, बन्नी," म्हणजे या, या, आणि हात देऊन मला वर घेतलं. एक केळंही दिलं. मी बसले. शर्यत संपते त्या मैदानावर मी बसमधून उतरताना कॅप्टनने फोटो काढला, हातात केळ्यासकट. ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या मॅडम पहिल्या आल्या. बसमध्ये.'

तेव्हापासून मी बस मॅडम. रोज पहाटे फाटकाशी कोणीतरी म्हणायचंच, "आज धावणार मॅडम, की बसने? बायकांना आता सरकारी बस फुकटच आहे की!" आणि सगळे हसायचे. बायकासुद्धा. मी दोन वर्षं हे ऐकून घेतलं. ग्रुप सोडला नाही, कारण सोडला असता तर तो फोटो शेवटचा ठरला असता.

मला एकच गोष्ट हवी होती. सहा तास ही मर्यादा असते. सहा तासांच्या आत शेवटची रेघ ओलांडायची आणि निकालाच्या यादीत आपलं नाव आणि वेळ छापलेली बघायची. मेडल नको होतं. मेडल फोटोपुरतंही गळ्यात घालता येतं.

मागच्या डिसेंबरात पुन्हा नाव दिलं. नेमका बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि म्हैसुरात दोन दिवस बारीक पाऊस आणि वारा. पुण्याच्या माणसाला आमची थंडी ऐकून हसू येईल. त्याने सहा तास ओल्या कपड्यांत वाऱ्याच्या तोंडाला राहून बघावं, मग हसावं.

आदल्या दिवशी अप्पा खुर्चीतून म्हणाले, "पावसात घोडं पहिल्या फेरीतच दमतं गे. घाम कळत नाही ना त्याला, पळत सुटतं. तू हळू नीघ."

"मी घोडा नाही, अप्पा."

"घोडा असतीस तर ऐकलं असतंस."

मग अप्पा म्हणाले, रिक्षा करून मैदानावर येतो. मी म्हणाले, पाऊस आहे, नका येऊ. खरं कारण पाऊस नव्हतं. मैदानावर कॅप्टन असणार होता. अप्पांनी पेपर उघडला.

पहाटे पाचला सुटलो. पहिल्या दहा मिनिटांत बूट भरले. त्यानंतर दर पावलाला पचक, पचक. रस्ते अडवल्यामुळे चौकाचौकात माणसं खोळंबली होती. एक रिक्षावाला ओरडला, "कुत्रं लागलंय काय मागे? घरी झोपा की!" एका चौकात स्कूटरवरच्या बाईने मुद्दाम चिखल उडवत गाडी काढली. वीस किलोमीटरनंतर पाणी देणारे पळून गेले होते. टेबलं तशीच, पेल्यांत पावसाचं पाणी. तेच प्यायले. बोटं इतकी गारठली की चिक्कीचं पाकीट फाडता येईना. दातांनी फाडलं, अर्धी चिक्की गटारात गेली. मी शिव्या देत होते. मराठीत संपल्या की कन्नडात. सुरुवात मात्र अप्पांनी सांगितलं तशीच केली होती. हळू. हे मी त्यांना कळू देणार नव्हते.

हिनकलच्या पुलावर मागून वायपरचा आवाज आला. तीच बस. दारात माणूस दुसरा, शब्द तेच. "बन्नी मॅडम, आत कोरडं आहे."

मी मान वळवली नाही. पुलाखाली जिथे आमची पत्र्याची खोली होती तिथे आता फरशांचं शोरूम आहे. तिकडेही बघितलं नाही. बस माझ्या पाठीला लागून दोन किलोमीटर आली, माझ्याच चालीने, गिधाडासारखी. बोगादीला पुढच्या दोघांनी हात वर केला, त्यांना घ्यायला ती थांबली आणि मी पुढे निघाले. पोटऱ्या तेव्हा आकसायला लागल्या होत्या. पन्नास पावलं धावायचं, वीस चालायचं, पन्नास धावायचं. कुवेंपुनगर गेलं. चामराजपुरम आलं. काकांच्या घराची गल्ली डावीकडे गेली. गेली तर गेली.

मैदानाच्या फाटकातून आत वळले तेव्हा माझ्या घड्याळात पाच तास एकोणपन्नास मिनिटं झाली होती. समोर कमान नव्हती. हवा भरून उभी करतात ती निळी कमान चिखलात पडली होती आणि दोन माणसं तिच्यावर लोळून उरलेली हवा काढत होती. टायमिंगची चटई असते, तिच्यावरून गेलं की छातीवरच्या नंबरातली चिप वाजते आणि वेळ नोंदली जाते. ती गुंडाळून टेम्पोत टाकलेली. जमिनीवर चुन्याची रेघ तेवढी उरली होती, तीही अर्धी वाहून गेलेली.

रेनकोट घातलेला, गळ्यात संयोजकांचा पट्टा असलेला एक माणूस खोक्यातून मेडल काढत पुढे आला. "काँग्रॅच्युलेशन्स मॅडम. हे घ्या आणि निघा, भिजू नका."

मी रेघेच्या अलीकडेच थांबले. "चटई कुठाय?"

"संपलं मॅडम. जनरेटर भिजला. पाहुणेसुद्धा गेले. मेडल आहे ना? दोन घ्या हवं तर."

"अकरा मिनिटं बाकी आहेत."

"आता कोण येणार मॅडम?"

"मी आले आहे ना!"

तेवढ्यात माझ्या खांद्यांवर कांबळं पडलं. अप्पा. मी नका येऊ म्हणाले तरी ते आले होते. म्हणाले, "उभी राहू नको."

"थांबा अप्पा, मला ह्याच्याशी..."

"भांड की. चालत भांड. उभी राहिलीस तर आत्ता पडशील."

आणि त्यांनी माझं कोपर धरलं, डाव्या बाजूने, जसा लगाम धरतात तसं, आणि मला गोल फिरवायला लागले. लंगडत. रेघेच्या अलीकडे मोठं वर्तुळ. रेनकोटवाला मधोमध उभा. माझ्याशी बोलायचं तर त्यालाही जागच्या जागी फिरावं लागत होतं.

मी छातीवरचा नंबर पिना तोडून काढला आणि उलटा केला. पाठीमागे बारीक अक्षरात नियम छापले होते. मी घरीच वाचले होते. अख्ख्या ग्रुपमध्ये ते मी एकटीने वाचले असतील. मी मोठ्याने इंग्रजीत वाचलं, मग कन्नडात सांगितलं: सुरुवातीपासून सहा तास पुरे होईपर्यंत शेवटची रेघ आणि वेळेची नोंद चालू राहील.

"ते नॉर्मल हवेसाठी, मॅडम."

"कुठे लिहिलंय? पावसाचं कलम दाखवा."

दुसऱ्या फेरीला पुन्हा वाचलं. तिसऱ्या फेरीला पुन्हा. मांडवाखाली आमचा ग्रुप चहा पीत उभा होता, कोरडा ठणठणीत. कॅप्टन अर्धीच मॅरेथॉन धावला होता, केव्हाचाच मोकळा. तो पेला घेऊन पुढे आला. "बिडी मॅडम, सोडा. मेडल घ्या आणि चहाला या. टाइम कोण बघतंय?"

"तुम्ही फोटो काढताना बघता की."

तो हसला. "आणि हे कोण? कोच?"

"माझे वडील. स्ट्युअर्ड नव्हते. सईस होते. घोड्यांची लीद काढायचे."

अप्पा न थांबता म्हणाले, "पाय गेला म्हणून सुटली. नाहीतर हितं पण बरीच पडलेली दिसते."

तेवढ्यात फाटकातून आणखी दोघं आले. एक साठीचे गृहस्थ आणि प्लास्टिकची पिशवी डोक्यावर बांधलेली एक बाई, चामराजपुरमनंतर मी मागे टाकलेली. दोघं चटई शोधत उभी राहिली. अप्पा त्यांच्यावर खेकसले, "उभं राहू नका! रेघ ओलांडू नका! चाला!" तीही आमच्या मागे चालायला लागली. आता आम्ही चौघं त्या माणसाभोवती फिरत होतो आणि कलम वाचणं चालूच होतं.

टेम्पोत चटईवर बसलेला मशीनवाला हे सगळं बघत होता. त्याला हसू आवरेना. तो म्हणाला, "सार, टायमिंगचा डबा बॅटरीवर चालतो. जनरेटरचा काय संबंध?"

रेनकोटवाला त्याच्यावर ओरडला, "तू गप!" पण ते सगळ्यांनी ऐकलं होतं. मांडवातल्यांनीही. मी थांबले, फिरायला लागल्यापासून पहिल्यांदाच, आणि म्हणाले, "म्हणजे खोटंही बोललात."

त्याने टेम्पोकडे हात केला. मशीनवाल्याने चटई खाली फेकली, चिखलातच पसरली, वायर जोडली, दोनदा स्वतः वरून चालून बघितलं. अप्पांनी कोपर सोडलं.

"जा."

मी नंबर मुठीत धरून गेले. चिप वाजली. मागोमाग ती दोघं गेली, दोनदा वाजली. कॅप्टनने फोटो काढला नाही.

यादी चार दिवसांनी आली. कचेरीत छापून घेतली आणि घरी अप्पांना वाचून दाखवली. त्यांनी कागद हातात घेतला, उलटून मागची बाजूही बघितली. विचारलं, "सही लागते काय ह्याला?"

"नाही अप्पा. ह्याला सही लागत नाही."

ते पान मी ग्रुपवर टाकलं आणि ग्रुप सोडला. संयोजकांना पत्र लिहिलं की तुमच्यामुळे माझी नऊ मिनिटं गेली. उत्तर आलेलं नाही. ती नऊ मिनिटं मी माफ केलेली नाहीत, करणारही नाही.

यादीत माझं नाव खालून तिसरं आहे. पूर्ण मॅरेथॉन, बेचाळीस किलोमीटर, पाच तास अठ्ठावन्न मिनिटं.