मालक नसल्यास

कर्जतपासून खोपोलीपर्यंत जेवढे म्हणून धंदेवाले आहेत, त्यांतल्या निम्म्यांना माझ्या मामेसासऱ्यांनी एकदा तरी मारलेलं आहे. मामा एका कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले आणि लोकांच्या धंद्याची किंमत काढून देण्याचा उद्योग त्यांनी आरंभला. पाहुण्याने चहाचा कप खाली ठेवायचा अवकाश, मामांचा लॅपटॉप उघडलाच. त्यात पुढच्या पाच वर्षांची विक्री, खर्च, कर्ज, नफा असे रकाने असत आणि सगळ्यांत खाली लाल रंगात एक रकाना, 'मालक नसल्यास'. "तुम्ही उद्या गेलात तर धंद्याचं काय?" हे ते साखर किती घालू, अशा सुरात विचारत. लग्नाच्या पंगतीत, नवरदेवाच्या बापालासुद्धा.

उत्तरावर मात्र त्यांचा विश्वास नसे. ते प्रयोग करत. मालकाने फोन मामांच्या कपाटात ठेवायचा, आठवडाभर त्यांच्या कर्जतच्या घरी राहायचं आणि जगाच्या दृष्टीने मेलेलं असायचं. तेवढ्यात धंदा किती घसरतो ते पाहून मामा आकडा भरत. चौक गावचे एक ढाबेवाले मेल्या मेल्या टेंपोत ताडपत्रीखाली दडून स्वतःचा ढाबा बघून आले. "मामा, डालीला फोडणी माझ्यासारकी नाय हो बसत!" असं त्यांनी सांगताच मामांनी ढाब्याची किंमत उतरवली. वर दम भरला, "मेलेल्या माणसाने फोडण्या हुंगत फिरू नये."

साजगावला माझं यंत्रांचे सुटे भाग करण्याचं छोटं वर्कशॉप आहे. मुंबईची एक कंपनी ते विकत घ्यायला आली, तेव्हा मीही मामांकडे जाऊन मेलो. जन्मभर राबून उभं केलेलं वर्कशॉप माझ्यावाचून कोसळणार, याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर आशाच होती. मामींच्या हातचं जेवून मी रोज त्या बातमीची वाट पाहिली. शेवटी मामांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "अभिनंदन, जावईबापू! तुमची काडीचीही गरज नाही. किंमत वाढली!" माल वेळेवर गेला होता आणि माझ्या खुर्चीत बसून कोणीतरी निवांत वडापाव खाल्ला होता. मी इतका चिडलो की वर्कशॉप विकलंच नाही. "आकड्यावर रुसलेला मेलेला माणूस मी हाच पाहिला," असं मामा पुढे प्रत्येक लग्नात सांगत राहिले.

गेल्या थंडीत मामा गेले, आणि ते काही प्रयोगासाठी नव्हे. त्यांच्याकडे मरून आलेले सगळे त्या दिवशी जमले. ओटीवर लॅपटॉप मिटून पडला होता. ढाबेवाले बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग हळूच मला म्हणाले, "आमा सगल्यांचं बगितलं मामांनी. त्यांच्या धंद्याचं काय रं आता? त्यांच्यामागं कोन हाय?"

वर्कशॉप माझ्यावाचून उत्तम चालतं, हे आता मला ठाऊक आहे. म्हणून अधूनमधून फोन घरीच ठेवून मी कर्जतला जातो. मामी काही न विचारता चहा देतात. मला मामांची फार आठवण येते. चहा संपतो, तरी कप खाली ठेवायला हात होत नाही.