नुसतं पाणी प्यायलेला उंदीर

सासूबाई भेटेल त्याला सांगायच्या की आपली सून हाडाची डॉक्टर आहे. त्यात खोटं काही नव्हतं. हाडं उंदरांची असतात, एवढंच सांगायचं त्या सोयीस्कर विसरायच्या. त्यामुळे शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर दर रविवारी गुडघा घेऊन हजर व्हायचे. डॉक्टरबाई तो चेपून बघायच्या आणि त्यांना माणसांच्या डॉक्टरकडे जायला सांगायच्या. ते काही जायचे नाहीत. इथे फुकटात बरं वाटतं म्हणायचे.

बाईंचं खरं काम चालायचं औषध कंपनीच्या तळमजल्यावर, फॉर्मॅलिनच्या वासानं डोळे चुरचुरणाऱ्या खोलीत. वरच्या मजल्यावर उंदरांना दोन वर्षं नवं औषध पाजायचे, तुलनेसाठी काहींना नुसतं पाणी. शेवटी कुणाला काय झालं ते बाईंनी मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं.

त्या वर्षी एक म्हातारा उंदीर मागचा पाय ओढायला लागला. मांडीच्या हाडावर टणक गाठ होती, आणि एक्स-रेत तिथे पांढरा पुंजका फुललेला दिसला. तो मेल्यावर बाईंनी ते हाड आम्लात मुरवून मऊ केलं, पातळ काप काढून रंगवले आणि बघायला बसल्या. मोडलेलं हाड जुळून येतानाही असा गोळा धरतो, पण तो कडेकडेनं शिस्तीत पक्का होत जातो. इथे शिस्तीचं नावच नव्हतं. वेड्यावाकड्या पेशी स्वतःच कच्चं हाड तयार करत स्नायूत घुसल्या होत्या. हाडाचा कर्करोग, उंदरांत क्वचितच दिसणारा. आणि हा उंदीर जन्मभर नुसतं पाणी प्यायलेला.

विभागप्रमुखांनी कारण विचारलं. बाई म्हणाल्या, आपोआप झालाय. हा शब्द साहेबांना शास्त्राला न शोभणारा वाटला. मग पाणी तपासलं, पिंजऱ्यातला भुसा तपासला, खाणं तपासलं. सगळं निर्दोष निघालं, त्यामुळे साहेबांचा संशय आणखीच बळावला. शेवटी त्यांनी सुचवलं की जुनं फ्रॅक्चर म्हणून लिहून टाकावं, म्हणजे कटकट मिटेल. बाईंनी शांतपणे नकार दिला. साहेब जिन्यात दिसले की मान वळवायला लागले.

घरी सासूबाईंनी तोंड का उतरलंय ते विचारलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "पण आपोआप कसं होईल गं? काहीतरी अरबटचरबट खाल्लं असणार." बाईंनी हात टेकले.

पुढे त्याच चाचणीत दुसऱ्या उंदराला हुबेहूब तशीच गाठ निघाली. याला मात्र औषधाचा सगळ्यात मोठा डोस मिळत होता. साहेब पहिल्यांदाच तळमजल्यावर आले आणि स्टूल रुमालानं पुसून बसले.

"हेही आपोआपच असणार," ते म्हणाले. "नाही का?"

इतके दिवस ज्या शब्दासाठी भांडल्या, तो असा पायघड्या घालून समोर आल्यावर बाईंना हसू यायला हवं होतं. पण त्यांनी तो काप पुन्हा एकदा मायक्रोस्कोपखाली सरकवला.

"सांगता येत नाही, सर. पहिल्याला औषध दिलंच नव्हतं, म्हणून ठामपणे बोलले."

"पण गाठ तीच आहे ना?"

"गाठ तीच आहे. खात्री तीच नाही."

बाईंनी अहवालात दोन्ही गाठी जशाच्या तशा मांडल्या. बाहेरच्या तज्ज्ञांनी तो वाचून मत दिलं, की जो रोग पाणी पिणाऱ्यालाही झाला, त्याचं खापर नुसत्या एका उंदरावरून औषधावर फोडता येणार नाही. औषध पुढच्या टप्प्यात गेलं. नकोशा झालेल्या त्या पाणी पिणाऱ्या उंदरानंच कंपनीची लाज राखली होती. सभेत साहेब आपोआप होणाऱ्या गाठींवर खूप वेळ बोलले, पडद्यावर त्या उंदराच्या गाठीचा फोटो दाखवला आणि आपण पहिल्यापासून सत्याला धरून होतो असं सांगितलं. टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या, फोटो त्यांनीच काढलेला होता आणि चांगला आला होता.

साहेब खुशीत आहेत तोवर बाईंनी मोठ्या डोसच्या बाकी सगळ्या उंदरांची हाडं तपासायची परवानगी मागून घेतली. ते काम कित्येक महिने चाललं. मान धरली, चष्म्याचा नंबर वाढला. तिसरी गाठ सापडली नाही.

"मी म्हटलंच होतं," साहेब म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. त्यांनाही सुटल्यासारखं वाटत होतं, आणि साहेबांशी आपलं एकमत झालं याचा जरा रागही येत होता.