वडापवाले आण्णा

वळणावर चाकातून कटकट ऐकू आली की आण्णा टेपचा आवाज वाढवायचे. "आवाज गेला की आजार गेला," म्हणायचे आणि खिडकीतून मावा थुंकायचे. उंब्रज ते कऱ्हाड त्यांचं वडाप होतं, म्हणजे माणशी भाडं घेऊन सवारी नेणं. जुनी छोटी गाडी, चौघांच्या जागेत सात माणसं.

आमच्या घरातून कॉलेजला जाणारा मी पहिलाच. आण्णांना त्याचं फार कौतुक. "सरक रं गड्या, कालेजवाल्याला पुढं बसू दे," म्हणत ते कुणालाही मागं पाठवायचे. म्हणून पुढचं लिहिताना हात अडखळतो. पण मला त्यांची किळस आली, हे खरं आहे.

एकदा कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्यासोबत मलकापूरच्या गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी चाक पूर्ण वळवून आत हात घातला. दोन्हीकडं एक्सलच्या सांध्यावरचं रबर फाटलं होतं. ग्रीस चाकाच्या आत सगळीकडे उडालं होतं, उरलेल्यात वाळू करकरत होती.

"दोनी सांधे खाल्लेत, आण्णा. नवीन एक्सल टाका."

"डाव्याचा सांधा उजवीकडं घाल, उजव्याचा डावीकडं. झिजल्याली बाजू फिरली की झालं."

"कटकट जाईल. पण तुटंल कवा, सांगता यायचं न्हाई."

"तुला फिरवाया सांगितलंय, भविष्य न्हाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर गाडीला हळदकुंकू होतं. नारळ फोडून आण्णा ओरडत होते, "नवंकोरं एक्सल टाकलंय! बसा निवांत!" माझी वहिनी आत बसली होती. तिला आठवा महिना होता, तपासणीला निघाली होती.

मी म्हणालो, "आण्णा, सांधे जुनेच आहेत. काल फक्त बाजू बदलल्या."

आण्णा हसले. "कालेजात हेच शिकीवत्यात व्हय रं?" सगळे हसले. एक म्हातारी म्हणाली, "देवमाणूस हाय त्यो. गप बस." वहिनीही खाली उतरेना. "भावजी, चला हो, उशीर होतोय." तिला एकटं कसं सोडू? मीही बसलो.

कऱ्हाडजवळ हायवे ओलांडताना चाकात खाडकन आवाज झाला, सांधा तुटला. इंजिन गुरगुरत राहिलं, गाडी जागची हलेना. उसाचा ट्रक ब्रेक करकचत आला आणि वहिनीच्या दारापासून हातभर अंतरावर थांबला.

मी तिला धरून रस्त्याकडेला आणलं. मागे आण्णा जमलेल्या लोकांना सांगत होते, "माझ्या गाडीत देव हाय, म्हून वाचली समदी!"

वहिनीनं वळून गाडीला हात जोडले.