सलाईनच्या नळीचे मासे

शी! अजूनही कुणाच्या घरी शोकेसमध्ये बल्बचा पोपट दिसला की मला समोरचा चहा जात नाही. यजमानीणबाई कौतुकाने सांगतात, टाकाऊतून टिकाऊ हो! मी मान हलवते आणि खिडकीबाहेर बघत बसते. टिकाऊ कसलं डोंबलाचं? ते मरत नाही एवढंच.

माझं लहानपण अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा फॅक्टरीत कामाला, आणि आई घरात, पण तिच्या हातांना घडीभर चैन नसायचं. घरातली एक वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही. उडालेल्या बल्बवर लोकर गुंडाळून पोपट, फुटक्या बांगड्या मेणबत्तीवर वाकवून दाराला तोरण, पिस्त्याच्या टरफलांची कमळं. पिस्ते आम्ही खात नव्हतो; टरफलं ती उल्हासनगरच्या एका मिठाईवाल्याकडून आणायची, लोकांच्या तोंडातून आलेली. अंड्याला सुईने भोक पाडून आतलं बशीत फुंकायची, त्याचं आम्हाला ऑम्लेट, आणि कवचावर शाईने डोळे काढून जोकर. आत राहिलेला बलक पावसाळ्यात नासायचा. मग जोकरच्या टोपीतून मुंग्यांची रांग निघायची, आणि घरभर असा वास की जेवण नको व्हायचं.

पण सगळ्यात घाणेरडी होती ती पावडरच्या डब्याची बाहुली. डब्याला जुन्या साडीचा काठ नेसवलेला, आणि डोक्यावर खरे केस. माझे. विंचरताना फणीत अडकलेले केस आई गोळा करून ठेवायची, ते तिने डिंकाने चिकटवले होते. पाहुणे आले की ती बाहुली त्यांच्यासमोर टीपॉयवर. ते तिच्या केसांवरून हात फिरवायचे आणि माझ्या मानेवर काटा यायचा.

आईने मला शिकवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण मला त्या वस्तूंना हात लावला की किळस यायची, आणि किळस आली की बोटं आखडायची. माझा पोपट उंदरासारखा व्हायचा. शेवटी तीच म्हणाली, "जाऊ दे बाई, तुझ्या हाताला डोळेच नाहीत."

मग मला बघायला यायला लागले. त्या काळी आमच्या क्वार्टरमध्ये एक ठरलेली रीत होती. घरातल्या शोकेसमध्ये जे जे असेल ते लग्नाच्या मुलीने केलेलं. जत्रेतून विकत आणलेला शिंपल्यांचा गणपतीसुद्धा शेजारच्या घरात मुलीनेच केलेला होता. बघायला येणाऱ्यांनाही ते माहीत असायचं. तेही बघितल्यासारखं करायचे आणि पोहे खायचे.

बदलापूरहून, मांजर्लीतून एक स्थळ आलं. मुलगा, त्याची आई, एक काका. मुलाची आई उल्हासनगरच्या एका खाजगी दवाखान्यात आया होती. जाडजूड, बोलायला खणखणीत. आत येऊन तिने कोपऱ्यातल्या बुद्धाच्या मूर्तीला हात जोडले, आणि वळली ती थेट शोकेसकडे. पोपट हातात घेतला, उलटा करून बघितला. कमळं बघितली. बाहुलीचे केस बोटांनी चाचपले.

"हे कोणी केलं?"

"सगळं हिनेच," आई म्हणाली. नेहमीसारखंच. मी पोह्यांची ताटली धरून उभी.

त्या बाईने मला शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. पुन्हा एकदा पोपटाकडे बघितलं आणि म्हणाली, "मला मुलगी पसंत आहे. हात बघूनच पसंत आहे." ही बाई रीत म्हणून बघत नव्हती, तिने खरंच धरलं होतं. ते आईला कळलं नाही. मला त्याच क्षणी कळलं.

ते गेल्यावर मी आईवर उखडले. "उद्या करायला सांगितलं तर?"

"गप गं. लग्नानंतर कोण विचारतंय? पोरंबाळं झाली की कोणाला वेळ असतो विणायला?"

लग्न झालं. हळद उतरली नव्हती, तोच सासूबाईंनी पलंगाखालून एक गोणी ओढून काढली. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. आत्या गोणीसमोर मांडी घालून बसल्या आणि तिची सुतळी सोडली. आत सलाईनच्या नळ्या होत्या. दवाखान्यात वापरून झालेल्या. वेटोळी करकरून भरलेल्या, कधीपासून कोण जाणे. काहींत ग्लुकोज सुकून पिवळं पडलेलं, त्याला मुंग्या. काहींच्या टोकाला तपकिरी काळं काहीतरी. मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं ते काय आहे. औषधाचा, स्पिरिटचा आणि त्याखाली आणखी कसला तरी गोडसर वास आला.

"आमच्या दवाखान्यात एक पेशंट याचे मासे करायचा," आत्या म्हणाल्या. "नळी उभी चिरायची, गरम पाण्यात टाकायची, रंगवायची, विणायची. इतके देखणे मासे! तेव्हापासून मी साठवतेय. माल होता, पण करणारा हात नव्हता. आता हात आला घरात."

त्यांनी माझे हात हातात घेतले. त्या हसत होत्या. चांगुलपणाने हसत होत्या, तेच वाईट. मी या घरात कशावर आले होते ते माझ्यासमोर गोणीभर पडलं होतं. आता "मला येत नाही" म्हटलं असतं तर आई खोटारडी, आणि खोटारडीची मुलगी म्हणून जन्मभर या चुलीपुढे मी. मी म्हटलं, "आत्या, हे काम मला माहेरीच जमतं. तिथे हत्यारं आहेत."

हत्यारं! एक ब्लेड आणि एक सुई.

तर अशी मी गोणपाटाची पिशवी भरून माहेरी गेले. वाटलं आई नाक दाबेल. छे! तिचे डोळे चमकले. "अगं, काय माल आहे हा!" म्हणाली. आणि जळ्ळं मेलं, तिने त्या नळ्या उकळायला चहाचं पातेलं घेतलं. मी ओरडले तर म्हणते, "उकळल्यावर काही राहत नाही." पाण्यावर तांबूस फेस आला. ती तो चमच्याने काढून मोरीत टाकत होती, डाळीवरचा काढतात तसा. त्या दिवसापासून मी माहेरी चहा प्यायले नाही. अगदी शेवटपर्यंत नाही.

मासे मात्र झाले. कल्ले, शेपटी, मण्यांचे डोळे. होळीच्या रंगात बुडवलेले, हिरवे, गुलाबी. मी ते बदलापूरला घेऊन गेले आणि आत्यांनी एकेक उजेडात धरून बघितला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन सिस्टरांना वाटले, डॉक्टरांच्या टेबलावर एक ठेवला. "माझ्या सुनेच्या हातचे!" मग काय, गोणी रिकामी व्हायच्या आत दुसरी भरायला लागली. मी पिशवी न्यायची, आई करायची, मी आणायची. माशांनंतर पोपट, पोपटांनंतर कंदील, द्राक्षांचे घोस. आमच्या घरात भिंत दिसेना. जेवायला बसलं की डोक्यावर कुणाच्या कुणाच्या शिरांतून आलेल्या नळ्यांचे मासे टांगलेले. ह्यांना काही वाटायचं नाही. हे भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचे, "छान झालाय गं हा." माझा घास तोंडातच फिरायचा.

एकदा आत्या शेजारच्या मुलींना घेऊन आल्या, यांना शिकव म्हणून. घाबरून माझ्या तोंडातून निघून गेलं, "आमच्यात दुसऱ्याला शिकवलं की आपल्या हातातली कला जाते." विहारात अंधश्रद्धेवरचं भाषण पुढे बसून ऐकणारी बाई ती! इतर वेळी तिने मला उभं सोलून काढलं असतं. पण कलेचा प्रश्न आला आणि तिने मुलींना हाताला धरून बाहेर नेलं.

एका पावसाळ्यात नदी मांजर्लीत शिरली. घरात गुडघाभर पाणी, वर तरंगणारी गटारातली घाण, मेलेली घूस. आम्ही माळ्यावर चढलो. मनात म्हटलं, चला, एवढी एक तरी बला वाहून जाऊ दे. खाली बघते तर आत्या त्या पाण्यात उभ्या राहून भिंतीवरचे मासे काढून पदरात भरतायत. तांदळाचा डबा बुडाला. मासा एक नाही गेला.

काही वर्षं असंच चाललं. मग आईचं पोट फुगायला लागलं, डोळे पिवळे झाले. लिव्हर. आत्याच म्हणाल्या, "दुसरीकडे कुठे नेऊ नका, आमच्याकडे आणा," आणि तिला स्वतःच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

आता हे सांगायला हवं की आत्यांनी माझ्या आईचं जे केलं ते मी केलं नाही. मला जमलं नाही. आईच्या अंगाला वास यायला लागला होता आणि मी पदर नाकाला लावून खुर्चीत बसायची. आत्या तिला शौचाचं भांडं द्यायच्या, कुशीवर वळवायच्या, पाठ पुसायच्या, आणि पुसता पुसता बाजारभाव सांगायच्या. पण सलाईन संपली की नळी काढून घेतल्यावर त्या ती टाकायच्या नाहीत. माझ्यासमोर, आईसमोर, बेसिनवर धुवायच्या, झटकायच्या आणि पिशवीत ठेवायच्या. माझ्या आईच्या हातातून निघालेली नळी! मला वाटलं, या बाईचा गळा धरावा.

आई बघत होती. तिची बोटं चादरीवर हलत होती. आवाज राहिला नव्हता तिला, पण आत्यांना जवळ बोलावून म्हणाली, "विहीणबाई, हिच्याकडे द्या त्या. ही करेल छान."

खोटं बोलत होती, मरतानाही. माझ्या संसारासाठी. मी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं, आणि ती माझ्याकडे बघून जरा हसल्यासारखी झाली. त्यानंतर ती फार बोलली नाही आणि मग गेलीच.

विधी झाले, पाहुणे पांगले, मी बदलापूरला परत आले. मला रडू आलं नव्हतं. बायका कुजबुजत होत्या की पोरगी दगडाची आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. एके दुपारी आत्यांनी माझ्यासमोर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर ती नळी ठेवली, बाजूला नवं ब्लेड.

"ही आईची शेवटची," त्या म्हणाल्या. "एक मासा कर. मोठा. शोकेसमध्ये मधोमध ठेवू. तुझ्या हाताने केलेली तुझ्या आईची आठवण राहील."

इतकं घाण कुणी कुणाला आयुष्यात सांगितलं नसेल, आणि इतक्या मायेने. मी ब्लेड उचललं. म्हटलं, करूया काहीतरी, चार वेढे देऊया आणि सुटूया. नळी उभी चिरायला गेले, ब्लेड आडवं गेलं. दुसऱ्यांदा नळीच तुटली. बोटांना चिकट लागलं. आत्यांनी कितीही धुतली तरी टोकाला आत काहीतरी राहिलं होतं, आणि ते आईचं होतं. मी मोरीकडे धावले. सकाळपासूनचं सगळं बाहेर आलं.

आत्या माझी पाठ चोळत होत्या. मी तशीच मोरीच्या कठड्याला धरून बोलले. "आत्या, मला येत नाही. मला कधीच येत नव्हतं. पोपट नाही, बाहुली नाही, मासे नाहीत. सगळं आई करायची. मी नुसती पिशवी न्यायची."

पाठीवरचा हात थांबला.

मी वाट बघत होते. आता आरडाओरडा होईल, ह्यांना बोलावतील, फसवलंत म्हणतील, मेलेल्या बाईचा उद्धार करतील. माझी तयारी होती. खरं तर तेच हवं होतं मला, कुणाशी तरी कडकडून भांडायला मिळालं असतं. पण मी तोंड पुसून वळले तर आत्या भिंतीकडे बघत होत्या. एकेका माशाकडे, पोपटाकडे, कंदिलाकडे, वरपासून खालपर्यंत, पहिल्यांदाच बघितल्यासारख्या. मग वर्तमानपत्रावरचे नळीचे तुकडे त्यांनी गोळा केले.

"म्हणजे आता नवीन काही येणार नाही," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडात अजून ओकारीची आंबट चव होती. मी मोरीतच खाली बसले आणि मला रडू फुटलं.