पिंपळगावच्या वाटेवर लागलेले दिवे

यजमान गेल्यावर दीड वर्ष मी पिंपळगावच्या रेणुकाईला गेले नाही. तिच्यावर रागच होता, दुसरं काय. अंबडला संसार मांडल्यापासून दर चैत्रात आम्ही जायचो. आधी एसटीने, मग त्यांनी हौसेने घेतलेल्या जुन्या पांढऱ्या गाडीने. ते गुणगुणत गाडी चालवायचे आणि मी खिडकीतून कापूस वेचून झालेली, नांगरलेली, मोकळी पडलेली रानं बघत बसायची. गाडीत काय वाजतं, कुठला दिवा लागतो, हे मला कधी बघावंच लागलं नाही. चालवायला त्यांनीच शिकवलं होतं, पण ते शेजारी असताना.

यंदा सासूबाईंनी विषय काढला. ऐंशी उलटलेल्या, दहा पावलांत दम लागणाऱ्या. "एकदा आईला बघून येऊ दे मला," एवढंच म्हणाल्या. मला नको म्हणवलं नाही.

वाटेतलं राजूर मागे पडलं आणि समोर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. मग दुसरा. बघता बघता ब्रेकचा, स्टिअरिंगचा, बॅटरीचा असे पाच-सहा दिवे पेटले आणि स्टिअरिंग एकदम जड झालं. कशीबशी गाडी एका कडुनिंबाखाली घेतली. भर दुपार, मागे सासूबाई घामाघूम, फोनला रेंज नाही. सगळी गाडीच गेली असं वाटलं. मी डोळे मिटले आणि दीड वर्षात पहिल्यांदा रेणुकाईशी बोलले. म्हटलं, माझ्याने आता होत नाही, तूच बघ.

शेजारच्या पडीक रानात एक पन्नाशीचे गृहस्थ मेंढ्या चारत होते. ते काठी टेकत आले. जालन्यात एका गॅरेजात वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करायचे, वडील गेल्यावर मेंढरांमागे आले, असं बोलता बोलता कळलं. तेलाचा लाल दिवा लागला होता का, काटा गरमकडे गेला होता का, हे त्यांनी आधी विचारलं. दोन्ही नव्हतं.

"मंग भिऊ नका, ताई. इतके दिवे एकदम लागले म्हणजे इतक्या चीजा बिघडल्या असं न्हाई. करंट बराबर मिळून न्हाई राह्यला, इतकंच."

बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टोकावर हिरवट-पांढरी भुकटी साचलेली, आणि वायर बोटानेही हलत होती. सासूबाईंच्या थर्मासमधलं गरम पाणी ओतून त्यांनी ते टोक घासून काढलं. डिकीत यजमानांची पान्यांची पिशवी होती. एकेक पाना त्यांनी तेलाचा हात फिरवून ठेवलेला. तो हातात देताना मला रडू आवरलं नाही. त्या गृहस्थांनी मान खाली घालून वायर आवळली.

गाडी सुरू केली. एक सोडून सगळे दिवे विझले. तो थोडं चालल्यावर आपोआप जाईल, न गेल्यास पुढे भोकरदनला गॅरेजात दाखवा, असं ते सांगत होते, तोवर त्यांच्या मेंढ्या कुणाच्या तरी भुईमुगात शिरल्या. ते ओरडत पळाले. नाव विचारायचं राहिलं, आभारही राहिले. दोन-तीन किलोमीटरवर तो दिवाही गेला.

देवळात मी सवयीने मागेच उभी राहिले. नवरा गेलेल्या बाईने ओटी भरू नये, हे मनात पक्कं बसलेलं. सासूबाईंनी नारळ माझ्या ओंजळीत ठेवला.

"तू भर. लेकीला आईपाशी कोण आडवणार हाय?"

मी ओटी भरली. मागायचं काही सुचलंच नाही. नुसतं बरं वाटत होतं.

ते गृहस्थ कोण होते, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मेंढ्या राखणारेच असतील. पण मी हात टेकले तेव्हाच कुणीतरी हात लावायला आलं, एवढं मला ठाऊक आहे. आता जमेल ते करते, न जमेल ते तिच्यापुढे ठेवते.

येताना सासूबाई माझ्या शेजारी पुढे बसल्या आणि अंबड येईपर्यंत आपल्या मुलाच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत राहिल्या. एकदाच, डोळे पुसायला, मी गाडी बाजूला घेतली.